वाचकांचे प्रश्न : बेदाण्याच्या मुलखात पोर्ट आणि शेरी

मागील अंकात या सदरात पोर्ट, शेरी आणि मदेरा या तीन फॉर्टिफाइड वाईनची, म्हणजे द्राक्षाचाच मद्यार्क वरून घालून तयार होणाऱ्या वाईनची, ओळख करून देणारे एक छोटे टिपण प्रसिद्ध झाले होते. त्यानंतर सांगली आणि सातारा जिल्ह्यांतून बरीच पत्रे आली. त्यांतील अनेक पत्रे द्राक्षबागेत किंवा बेदाणा शेडवर राबणाऱ्या वाचकांची आहेत, याचा मला विशेष आनंद वाटतो. कारण ही वाईन समजून घ्यायची तर मण्यात साखर कशी भरते आणि भरलेली साखर कशी राखायची हे आधी समजावे लागते, आणि ही जाण आपल्या मुलखात घरोघरी आहे. निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : वाईन म्हणजे आंबवलेला द्राक्षरस, एवढे आम्हाला ठाऊक होते. पोर्टमध्ये वरून कडक दारू ओततात हे आपल्या टिपणात वाचले आणि आश्चर्य वाटले. ही भेसळच नव्हे का? मग तिला वाईन का म्हणायचे? (एक द्राक्ष बागायतदार, तासगाव)

भेसळ ही लपवून केली जाते आणि तिच्यामुळे मालाचा कस उतरतो. येथे जे घडते ते उघडपणे, कायद्याने ठरवून दिलेल्या मर्यादेत आणि मालाचा कस राखण्यासाठी घडते. नेमके काय होते ते क्रमाने पाहू.

द्राक्षरसात यीस्ट वाढू लागले की ते साखर खाते आणि तिचे मद्यार्क व कार्बन डायऑक्साइड यांत रूपांतर करते. लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखर खर्ची पडली की मद्यार्काचे प्रमाण एक टक्क्याने वाढते. म्हणजे २४ ब्रिक्सचा, म्हणजे शंभर ग्रॅममागे साधारण २४ ग्रॅम साखर असलेला, रस पूर्णपणे आंबू दिला, तर सुमारे १३ ते १४ टक्के मद्यार्काची आणि गोडी जवळजवळ नसलेली वाईन मिळते. पोर्ट करणारा हे काम अर्ध्यावर थांबवतो. आंबणे सुरू होऊन दोन-तीन दिवस झाले, निम्म्याच्या आसपास साखर संपली आणि मद्यार्क सहा-सात टक्क्यांपर्यंत आला, की रस सालींपासून वेगळा काढून त्यात ७७ टक्के मद्यार्काचा, द्राक्षापासूनच ऊर्ध्वपातन करून काढलेला रंगहीन अर्क मिसळतात. परंपरेने ४३५ लिटर आंबत्या रसाला ११५ लिटर अर्क, असे मिळून ५५० लिटरचे एक पिंप भरते. हिशेब करून पाहिलात तर मिश्रणात मद्यार्काचे प्रमाण विसाच्या जरासे वर येते, आणि इतक्या मद्यार्कात यीस्ट तग धरू शकत नाही. आंबणे तेथेच थांबते आणि उरलेली निम्मी साखर वाईनमध्ये तशीच राहते. पोर्टची गोडी ही अशी द्राक्षाच्या स्वतःच्या साखरेची असते.

हा क्षण ओळखण्यातच सगळे कौशल्य आहे. अर्क लवकर घातला तर वाईन पाकासारखी गोड आणि उथळ होते, उशीर झाला तर गोडी हातची जाते. शिवाय साली रसात राहण्याचा अवधी एवढा थोडा असल्यामुळे रंग आणि तुरटपणा त्या दोन-तीन दिवसांतच उतरवून घ्यावा लागतो. पोर्तुगालच्या डोरू खोऱ्यात ग्रॅनाइटच्या उथळ हौदांत, ज्यांना तेथे लागार म्हणतात, द्राक्षे पायांनी तुडवण्याची रीत टिकून राहिली ती याच कारणाने. माणसाच्या तळव्याने साल पुरती रगडली जाते, पण बी फुटत नाही, त्यामुळे बियांतील कडवटपणा रसात उतरत नाही. आता बऱ्याच ठिकाणी हे काम यंत्रे करतात, परंतु ती यंत्रेसुद्धा पायांच्या हालचालीची नक्कल करूनच घडवलेली आहेत. मला या परंपरेतील ही गोष्ट फार मोलाची वाटते.

शेरीमध्ये मात्र अर्क आंबणे पूर्ण झाल्यावर घालतात. त्यामुळे मूळ शेरी कोरडी, म्हणजे गोडी नसलेली असते. अर्क केव्हा घातला यावरून वाईन गोड होणार की कोरडी हे बहुतांशी ठरते.

प्रश्न : सांगलीत पोर्ट म्हणून जी लाल, गोड आणि स्वस्त वाईन मिळते, तीच ही का? आणि बाटलीवर रुबी, टॉनी, व्हिंटेज असे जे लिहिलेले असते त्याचा अर्थ काय? (वाचक, सांगली)

आपल्याकडे या नावाने विकली जाणारी बहुतेक स्वस्त वाईन गोव्याच्या बाजूची असते. गोव्यावर पोर्तुगिजांचा अंमल दीर्घकाळ होता, त्यातून हे नाव आणि गोड लाल वाईनची आवड आपल्याकडे आली. मात्र डोरू खोऱ्यातील द्राक्षजाती, तेथील माती आणि पिंपात मुरवण्याची पद्धत यांचा या बाटल्यांशी संबंध नसतो. बाटलीवर मद्यार्काचे प्रमाण छापलेले असते ते आधी पाहावे. खरी पोर्ट बहुधा १९ ते २२ टक्क्यांची असते. प्रमाण त्याहून बरेच कमी असेल, तर ती फॉर्टिफाइड पद्धतीची पोर्ट नाही असे समजावे. ती पिऊ नये असे मी म्हणत नाही, पण तिच्यावरून पोर्टची पारख करणे हा पोर्टवर अन्याय आहे.

खऱ्या पोर्टचा इतिहास व्यापाराशी जोडलेला आहे. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यातील युद्धांमुळे फ्रेंच वाईन इंग्लंडमध्ये दुर्मीळ झाली, आणि १७०३ च्या मेथ्युएन तहाने पोर्तुगीज वाईनवरील जकात फ्रेंच वाईनपेक्षा एक तृतीयांशाने कमी ठेवली. मागणी वाढली तशी लबाडीही वाढली. फिक्या वाईनला रंग यावा म्हणून एल्डरबेरी नावाच्या फळाचा रस तिच्यात मिसळला जाऊ लागला आणि भाव कोसळले. तेव्हा पोर्तुगालचे मुख्यमंत्री, पुढे मार्किस ऑफ पोम्बाल म्हणून प्रसिद्ध झालेले गृहस्थ, यांनी १७५६ मध्ये एक कंपनी स्थापन केली, डोरू खोऱ्याची हद्द ग्रॅनाइटचे दगड रोवून आखली आणि त्या भागातील एल्डरबेरीची झाडे उपटून टाकायला लावली. हद्द आखून आणि नियम घालून दिलेल्या जगातील सर्वांत जुन्या वाईनप्रदेशांमध्ये डोरूची गणना होते. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामागचा विचार हाच आहे, आणि बाहेरचा हलका माल आपल्या नावावर खपवला जातो तेव्हा काय होते हे आपल्या उत्पादकांना वेगळे सांगायला नको.

एक गोष्ट येथे नोंदवली पाहिजे. अर्क घालण्याची रीत सुरुवातीपासून सर्वमान्य नव्हती. आरंभी तो समुद्रप्रवासात वाईन टिकावी म्हणून थोडासा घातला जाई, आणि आंबणे मध्येच थांबवून गोडी राखण्याची पद्धत हळूहळू रुळली. जोसेफ जेम्स फॉरेस्टर हा इंग्रज व्यापारी, ज्याने डोरू नदीचा आणि खोऱ्याचा उत्तम नकाशा तयार केला, या पद्धतीच्या ठाम विरोधात होता. १८४४ मध्ये त्याने तिच्याविरुद्ध पुस्तिकाही लिहिली. १८६१ मध्ये याच नदीच्या धारेत नाव उलटून त्याचा मृत्यू झाला. त्याचा आग्रह प्रामाणिक होता, तथापि गिऱ्हाइकांनी आणि काळाने कौल दिला तो गोड, भारदस्त पोर्टलाच.

आता आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग. रुबी पोर्ट मोठ्या टाक्यांत किंवा मोठ्या पिंपांत दोन-तीन वर्षे राहते, हवेशी तिचा संपर्क कमी येतो, म्हणून तिचा लाल रंग आणि ताज्या फळाचा स्वाद टिकतो. टॉनी लहान लाकडी पिंपांत वर्षानुवर्षे मुरते. लाकडातून हवा झिरपत राहते, रंग लालवरून तपकिरीकडे झुकतो आणि अक्रोड, सुके अंजीर, जळक्या साखरेची चव येते. बाटलीवरील १०, २०, ३० किंवा ४० हे आकडे तिच्या वयाचे निदर्शक असतात, परंतु ते अनेक वर्षांच्या वाईनच्या मिश्रणाला दिलेले असतात. व्हिंटेज ही एकाच उत्तम हंगामाची, सुमारे दोन वर्षांनी बाटलीत भरलेली आणि पुढे दशकानुदशके बाटलीतच पिकत जाणारी पोर्ट. पहिल्यांदाच चव घेणाऱ्याने दहा वर्षांच्या टॉनीपासून सुरुवात करावी असे माझे मत आहे, कारण तिच्यात काळ वाईनवर काय काम करतो ते स्पष्ट कळते आणि व्हिंटेजइतका खर्चही येत नाही.

प्रश्न : सुकवलेल्या द्राक्षांपासून वाईन करतात असे ऐकले. ते खरे असेल तर आमच्या बेदाण्यापासूनही ती होऊ शकेल का? (एक बेदाणा उत्पादक, कवठे महांकाळ)

आलेल्या पत्रांत हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटला, म्हणून त्याचे उत्तर जरा विस्ताराने देतो.

स्पेनच्या दक्षिण टोकाला, अंदालुसिया प्रांतात, हेरेस दे ला फ्रोंतेरा, सानलुकार दे बारामेदा आणि एल पुएर्तो दे सांता मारिया या तीन गावांच्या परिसरात शेरी तयार होते. तेथील अल्बारिसा नावाची पांढरी, चुनखडीयुक्त माती हिवाळ्यातील पावसाचे पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात वर कडक पापडी धरून ते उडू देत नाही. मुख्य द्राक्ष पालोमिनो. त्याची कोरडी वाईन तयार झाली की चव घेऊन तिचे भवितव्य ठरवतात. नाजूक वाईनला सुमारे १५ टक्क्यांपर्यंत अर्क घालतात आणि ६०० लिटरची पिंपे मुद्दाम पूर्ण न भरता सहावा हिस्सा रिकामा ठेवतात. त्या मोकळ्या जागेतील हवेमुळे वाईनच्या पृष्ठभागावर यीस्टची पांढरी साय धरते. तिला फ्लोर म्हणतात. ही साय वाईनला हवेपासून वाचवते, तिच्यातील उरलेसुरले पदार्थ खाते आणि कच्चे बदाम व ताज्या पावाची आठवण देणारा स्वाद देते. ती फिनो शेरी. भारदस्त वाईनला मात्र १७ टक्क्यांच्या वर अर्क घालतात. तेवढ्या मद्यार्कात साय जगत नाही, वाईन हवेच्या सहवासात तपकिरी होत जाते आणि ओलोरोसो तयार होते. दोन-अडीच टक्क्यांच्या फरकाने दोन अगदी वेगळ्या वाईन निर्माण होतात, हे मला या परंपरेचे फार मोठे वैशिष्ट्य वाटते.

मुरवण्याची पद्धतही ध्यानात घेण्याजोगी आहे. पिंपांचे थर वयाप्रमाणे लावलेले असतात. सर्वांत जुन्या थराला सोलेरा म्हणतात. विक्रीसाठी वाईन फक्त त्यातून काढतात आणि तीही थोडीच, बहुधा तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त नाही. सोलेरातील तूट त्याच्या आधीच्या थरातून भरतात, त्याची तूट त्याआधीच्या थरातून, आणि शेवटच्या थरात नव्या हंगामाची वाईन येते. घरातील विरजण जसे रोज थोडे वापरून थोडे राखले जाते आणि आजीच्या वेळची चव नातवाच्या ताकापर्यंत पोहोचते, तसेच हे आहे. पिंप कधीच पूर्ण रिकामे होत नसल्यामुळे स्थापनेच्या वर्षीच्या वाईनचा अंशही त्यात शिल्लक राहतो.

आता सुक्या द्राक्षांकडे वळू. पेद्रो हिमेनेस नावाची पांढरी द्राक्षे तोडल्यावर उन्हात चटयांवर पसरतात आणि आठवडा-दोन आठवडे उलथीपालथी करून सुकवतात. शेरीसाठी लागणारी ही द्राक्षे मोठ्या प्रमाणावर शेजारच्या मोंतिया-मोरिलेस भागात सुकवली जातात. पाणी उडाल्यावर साखर इतकी दाटते की दाब देऊन काढलेला रस घट्ट काकवीसारखा येतो. यीस्टला एवढ्या साखरेत नीट काम करता येत नाही, त्यामुळे आंबणे थोडेच होते, मग अर्क घालतात आणि सोलेरात मुरवतात. वर्षांमागून वर्षे गेली की ही वाईन जवळजवळ काळी होते. लिटरमागे ४०० ग्रॅमच्या आसपास साखर असणाऱ्या बाटल्याही असतात, आणि चवीत मनुका, अंजीर, कॉफी असे सगळे येते.

आपल्या बेदाण्याचे मात्र तसे नाही, आणि त्याची कारणे तुम्हालाच चटकन पटतील. आपण घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवतो, त्यामुळे सालीवरील मेणचट लव जाते आणि शेडमधील रॅकवर, सावलीत, १२ ते १५ दिवसांत बेदाणा तयार होतो. रंग राखण्यासाठी गंधकाची धुरी दिली जाते. खाण्याच्या बेदाण्यासाठी हे योग्यच आहे, परंतु तेलाचा आणि गंधकाचा अंश यीस्टला मारक ठरतो. दुसरे असे की चार किलो द्राक्षांचा सुमारे एक किलो बेदाणा होतो, म्हणजे पाणी जवळजवळ सगळेच काढलेले असते. पेद्रो हिमेनेसची द्राक्षे मात्र रस निघेल इतपत ओली असतानाच दाबतात. तिसरे कारण जातीचे. थॉमसन सीडलेस, तास-ए-गणेश, सोनाका, माणिक चमन या जाती खाण्यासाठी आणि बेदाण्यासाठी निवडल्या गेल्या. त्यांचा स्वाद सौम्य, साल पातळ आणि बी नाही, त्यामुळे दीर्घकाळ मुरणाऱ्या वाईनला लागणारा तुरटपणा आणि वास त्यांच्यात कमी पडतो.

तरीही ही वाट आपल्याला कायमची बंद आहे असे मी मानत नाही. फेब्रुवारी ते एप्रिलमधील आपली कोरडी, तापलेली हवा द्राक्षे सुकवण्यासाठी उत्तम आहे. सुकवण्याचे कसब आहे, शेड आहेत, रॅक आहेत, राज्य शासनाच्या २००१ च्या धोरणातून पलूसला वाईन पार्कही आला. योग्य जातीची द्राक्षे, द्रावणात न बुडवता आणि धुरी न देता, अर्धवट सुकवून परवानाधारक वाईनरीत त्यांची गोड फॉर्टिफाइड वाईन करून पाहणे हा प्रयोग सांगलीइतका अन्य कोठे शोभणार नाही. मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राकडे वाईनच्या जातींविषयी मार्गदर्शन मागता येईल. अवकाळी पावसाने रॅकवरचा माल डागी होतो आणि बेदाण्याचे भाव पडतात, त्या वेळी मालाला आणखी एक वाट असावी असे मला मनापासून वाटते. अर्थात अशा वाईनला मुरण्यासाठी वर्षे लागतात आणि तेवढा काळ पैसा अडकून पडतो, हे आधीच लक्षात घ्यावे.

प्रश्न : आमच्या घरी आजी थकवा आल्यावर द्राक्षासव घेत असे. तेही गोड आणि द्राक्षाचेच असते. मग ते पोर्टच झाले ना? (वाचक, वाई)

दोन्हींच्या मुळाशी द्राक्ष आहे आणि दोन्हींत मद्यार्क आहे, येथपर्यंतच साम्य आहे. द्राक्षासवात गूळ किंवा साखर, धायटीची फुले आणि औषधी द्रव्ये घालून ते आंबवतात, आणि त्यातील मद्यार्क त्या आंबण्यातूनच आपोआप तयार होतो. बाहेरून अर्क घातला जात नाही. त्यामुळे मद्यार्काचे प्रमाण पोर्टपेक्षा पुष्कळ कमी असते. ते औषध आहे, वैद्यांनी सांगितलेल्या मात्रेतच घ्यावे. मौज अशी की युरोपातही या पद्धतीचे श्रेय एका वैद्यालाच दिले जाते. आंबत्या द्राक्षरसात अर्क घालून त्याची गोडी टिकवण्याची युक्ती तेराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समधील मोंपेलिए येथे शिकवणारे आर्नाल्दुस दे व्हिलानोव्हा यांच्या नावाशी जोडलेली आहे. फ्रान्सच्या दक्षिणेला रुसियों भागात त्या पद्धतीच्या गोड वाईन आजही होतात.

प्रश्न : घरच्या द्राक्षांची वाईन करून तिच्यात ब्रँडी मिसळली तर चालेल का? (वाचक, पलूस)

नाही. परवान्याशिवाय मद्य तयार करणे महाराष्ट्रात गुन्हा आहे, मग ते घरापुरते का असेना. घरी ऊर्ध्वपातन करून अर्क काढण्याचा विचार तर मनातही आणू नये. त्यात विषारी मिथेनॉलचा आणि आगीचा धोका आहे.

प्रश्न : मुलाने परदेशातून आणलेली एक पोर्टची आणि एक मदेराची बाटली घरी आहे. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीला जातो. या बाटल्या कशा ठेवाव्यात आणि उघडल्यावर किती दिवसांत संपवाव्यात? (वाचक, कराड)

मद्यार्क आणि साखर जास्त असल्यामुळे फॉर्टिफाइड वाईन साध्या वाईनपेक्षा चिवट असते, तरी चाळीस अंशांची खोली तिलाही सोसत नाही. घरातील सर्वांत थंड, अंधाऱ्या जागी, स्वयंपाकघरापासून दूर बाटली ठेवावी, आणि उन्हाळ्यापुरती फ्रिजमध्ये ठेवली तरी बिघडत नाही. बाटलीला प्लॅस्टिकच्या टोपीचे आखूड बूच असेल तर ती वाईन पिण्यास तयार आहे असे समजून बाटली उभी ठेवावी. लांब बूच असलेली व्हिंटेज मात्र आडवी ठेवावी, म्हणजे बूच सुकत नाही. अशा बाटलीच्या तळाशी गाळ साचतो, म्हणून उघडण्यापूर्वी ती एक दिवस उभी करून मग वाईन हलक्या हाताने दुसऱ्या भांड्यात ओतून घ्यावी.

उघडल्यानंतर व्हिंटेज दोन-तीन दिवसांत संपवावी, रुबी दोन आठवड्यांत, टॉनी फ्रिजमध्ये महिना-दीड महिना चांगली राहते. फिनो शेरी आठवड्याभरात संपवलेली बरी, कारण साईचे छत्र गेल्यावर ती लवकर उतरते. ओलोरोसो आणि पेद्रो हिमेनेस मात्र महिना-दोन महिने सहज टिकतात. आपल्याकडे रुबी आणि टॉनी नेहमी थोडी थंड करूनच प्यावी, साधारण १४ ते १६ अंशांना. फिनो त्याहून थंड, आठ-नऊ अंशांना. गरम पोर्टमध्ये मद्यार्काचा झणका नाकात जातो आणि बाकी काही कळतच नाही.

तुमच्या मदेराची काळजी मात्र करू नका. ती उष्णतेतूनच घडलेली वाईन आहे. अटलांटिक महासागरातील मदेरा बेटावरून निघालेली पिंपे जहाजांच्या तळाशी विषुववृत्त ओलांडून अमेरिकेला आणि हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंत येत, आणि प्रवासात तापून-हिंदकळून परत गेलेली वाईन अधिक चवदार निघते असे व्यापाऱ्यांच्या ध्यानात आले. पुढे जहाजावर पाठवण्याचा खर्च वाचवण्यासाठी बेटावरच ती तापवण्याची व्यवस्था झाली. साध्या प्रतीची मदेरा टाक्यांत ४५ ते ५० अंशांवर किमान तीन महिने ठेवतात, आणि उंची मदेरा छपराखालच्या माळ्यांवर, पिंपांत, उन्हाच्या धगीने वर्षानुवर्षे तापू देतात. जे ऊन आणि जी हवा इतर वाईनला मारतात ती हिने आधीच पचवलेली असतात, त्यामुळे उघडलेली बाटलीसुद्धा कित्येक महिने टिकते. लेबलावर सर्सियाल असेल तर ती सर्वांत कोरडी, मग व्हर्देल्यो, बोआल आणि सर्वांत गोड माल्व्हासिया, एवढा क्रम लक्षात ठेवावा.

प्रश्न : पोर्ट प्रकृतीला चांगली असे काही जण सांगतात. मला मधुमेह आहे. थोडी घेतली तर चालेल का? (वाचक, मिरज)

प्रकृतीसाठी म्हणून कोणतेही मद्य सुरू करू नये. मद्याचे निर्धोक असे प्रमाण नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट म्हटले आहे. पोर्टमध्ये लिटरमागे सुमारे १०० ग्रॅम साखर असते, म्हणजे ७५ मिलिलिटरच्या एका छोट्या पेल्यात साडेसात ग्रॅम साखर आणि जवळपास १२ ग्रॅम मद्यार्क पोटात जातो. मधुमेहाची औषधे चालू असताना मद्याने रक्तातील साखर अचानक खालीही जाऊ शकते. त्यामुळे आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, आणि त्यांनी नको म्हटले तर विषय तेथेच संपवावा.

ज्यांना अशी कोणतीही मनाई नाही आणि जे कायद्याच्या वयोमर्यादेत व परवान्याच्या चौकटीत बसतात, त्यांनीही ५० ते ७५ मिलिलिटरच्या वर जाऊ नये. साध्या वाईनच्या मापाने ही वाईन ओतली तर दीडपट मद्यार्क शरीरात जातो. तिची चवही लहान घोटांतच उलगडते. पेला अर्ध्याहून कमी भरावा, म्हणजे वास घ्यायला जागा राहते.

प्रश्न : या वाईनबरोबर आपल्याकडचे कोणते पदार्थ खावेत? परदेशी चीज सातारसारख्या ठिकाणी सहज मिळत नाही. (वाचक, सातारा)

चीज नसल्याने काही अडत नाही. गोड वाईनबरोबर गोड पदार्थ खायचा असेल तर वाईन पदार्थापेक्षा किंचित जास्त गोड असावी, नाहीतर ती आंबट आणि ओकीबोकी लागते. सातारचे कंदी पेढे या दृष्टीने मला टॉनी पोर्टचे उत्तम सोबती वाटतात. खवा खरपूस भाजल्यामुळे त्यात जो जळक्या साखरेचा वास येतो, तोच टॉनीला लाकडी पिंपात वर्षानुवर्षे राहिल्यामुळे आलेला असतो, आणि पेढ्याची गोडी बेताची असल्यामुळे वाईन झाकोळत नाही. पेढा एकच घ्यावा आणि तोही तुकड्या-तुकड्याने. अक्रोड, भाजलेले बदाम आणि आपला चांगल्या प्रतीचा बेदाणा टॉनीबरोबरही चालतो आणि ओलोरोसोबरोबरही. रुबीला कडवट चॉकलेट मानवते. पेद्रो हिमेनेस इतकी दाट असते की साध्या व्हॅनिला आइस्क्रीमवर चमचाभर ओतली तरी पुरे.

फिनो मात्र जेवणाआधीची वाईन आहे. खारे शेंगदाणे, खारवलेले काजू, मीठ आणि हळदीपुरता मसाला लावून तळलेली कृष्णेची मासळी यांच्याबरोबर ती थंडगार घ्यावी. सांगलीचे भडंग तिच्याबरोबर चांगले लागेल असे वाटते खरे, परंतु लसूण आणि तिखट यांच्यापुढे फिनोचा नाजूक स्वाद हरवतो. मद्यार्क तिखटाची आग वाढवतो, म्हणून झणझणीत रस्सा आणि सुक्या मटणाबरोबर कोणतीच फॉर्टिफाइड वाईन घेऊ नये. सणावाराचे, नैवेद्याचे पदार्थ या बैठकीपासून दूर ठेवावेत असे मला वाटते, आणि बहुतेक घरांत तेच रुचेल. तिखट जेवण झालेच असेल तर तासभर जाऊ द्यावा, पाणी प्यावे, आणि मग थंड केलेली टॉनी लहान पेल्यात ओतावी.